‘द रेवन’ छापून आली तेव्हा पोची बायको जिवंत होती

अमेरिकन कवी-कथाकार एडगर अ‍ॅलन पो याच्यावरची एक पोस्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: पो आणि त्याची बायको व्हर्जिनिया लहानपणापासूनचे प्रेमी, ती गेली त्याच रात्री अफूच्या नशेत त्याने एका बैठकीत ‘द रेवन’ ही कविता लिहिली, पुढे दुसऱ्या बाईकडे ढुंकूनही पाहिलं नाही, रोज रात्री समुद्राकाठच्या तिच्या थडग्याशी झोपायचा आणि तिथेच त्याने प्राण सोडला. शेवटी ठळक अक्षरांत, ‘याला म्हणतात प्रेम!’ एरवी मी पुसून टाकली असती. पण कुणा शहाण्याने ती माझ्या मामेभावाला पाठवली. वहिनीला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

आधी तारखा बघा, त्या तरी कुणी नाकारणार नाही. ‘द रेवन’ २९ जानेवारी १८४५ ला न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग मिरर’मध्ये आली. व्हर्जिनिया वारली ३० जानेवारी १८४७ ला. मधे दोन वर्षं! आणि ज्या लेनोरसाठी कवितेतला माणूस झुरतो, त्या नावाच्या पोच्या दुसऱ्या कवितेचा पहिला खर्डा १८३१ चा आहे. तेव्हा व्हर्जिनिया आठ-नऊ वर्षांची पोर होती. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सर्वांत काव्यमय विषय, असं पोने १८४६ च्या लेखात सरळ लिहूनच ठेवलंय.

‘एका बैठकीत’चा निकालही त्याच लेखात लागतो. लांबी साधारण शंभर ओळी ठरवली (झाल्या १०८), मग सूर, मग धृपद, आणि ते धृपद पुन्हा पुन्हा म्हणणार कोण, तर आधी सुचला पोपट. होय, पोपट. मग तो बाद करून रेवन, म्हणजे कावळ्यासारखा काळा पक्षी आणला. या लेखात पोने बरीच फुशारकी मारलीय असं अनेक समीक्षक मानतात, मलाही तसंच वाटतं. पण छापून आल्यावरही तो कवितेत फेरफार करत राहिला, हे तर खोटं नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. कविता आली तेव्हा बायको मेलेली नव्हती, पण मरणाच्या सावलीत होती. १८४२ च्या जानेवारीत गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. तेव्हा ‘रेवन’मध्ये घरातल्या दुखण्याची भीती उतरली असेल, कुणी सांगावं.

‘लहानपणापासूनचे प्रेमी’ हे पोच्याच ‘अ‍ॅनाबेल ली’ कवितेतून उचललंय. प्रत्यक्षात ती त्याची आतेबहीण. १८३६ मध्ये लग्न झालं तेव्हा तो २७ चा, ती १३ ची. यावर गुलाब चिकटवण्याआधी जरा विचार करावा. समुद्रही त्याच कवितेतला. व्हर्जिनियाला पुरलं न्यूयॉर्कजवळच्या फोर्डमला, घरमालकाच्या कुटुंबाच्या दफनघरात. हिवाळ्यात रात्री तो तिथे जाऊन रडत बसायचा असं एका मित्राने नंतर लिहिलंय, तेवढं घ्या. रोज, समुद्राकाठी, झोपायला? नाही.

आता तो शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी चिडलोय. बायको गेली की नवऱ्याने थडग्यावर मरून पडायचं, नाहीतर प्रेम खोटं? हे विधुराला पाठवायचं? पोने स्वतः काय लिहिलं ते वाचा. ४ जानेवारी १८४८ चं जॉर्ज इव्हलेथ या चाहत्याला लिहिलेलं पत्र आहे. त्यात तो सांगतो की ती वाचणार नाही असं वाटायचं, मग बरी व्हायची, मग पुन्हा तेच, वर्षानुवर्षं. आशा-निराशेच्या त्या हेलकाव्यांनी मला वेड लागायची पाळी आली, दारू त्यातून आली, आणि माझे वैरी मात्र उलटं सांगतात. ती गेल्यानंतरचं आयुष्य उदास आहे, पण हे मी सहन करू शकतो आणि करतोय, असं तो स्पष्ट म्हणतो. ज्याने घरात लांबलेलं दुखणं काढलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या दोन वर्षांत त्याने विश्वाच्या रचनेवरचं ‘युरेका’ हे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, स्वतःचं मासिक काढायची खटपट केली. १८४८ मध्ये कवयित्री सारा हेलन व्हिटमनशी लग्न ठरलं आणि मोडलं. १८४९ च्या उन्हाळ्यात रिचमंडला तरुणपणची प्रेयसी एल्मायरा भेटली, तीही आता विधवा. तिथेच त्याने दारू सोडायची शपथ घेतली. लग्न जवळपास ठरलं होतं. सप्टेंबरअखेर तो रिचमंडहून निघाला. वाटेत बाल्टिमोरला ३ ऑक्टोबरला बेशुद्धीच्या काठावर सापडला आणि ७ तारखेला तिथल्या इस्पितळात वारला. निघाला होता न्यूयॉर्ककडे, पहिल्या बायकोच्या आईला, म्हणजे आपल्या आत्याला, रिचमंडला घेऊन यायला.