कॅरोलायनाचा भात नक्की कोणाचा?

नानांच्या पुतण्याचे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातले, चार्ल्सटनच्या जुन्या भातमळ्याचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेत. वाद पेटला तो नानांच्या टिप्पणीवरून.

"दलदलीत सोनं पिकवलं गोऱ्यांनी! 1685 च्या सुमाराला मादागास्करचं जहाज आलं, कप्तानानं तिथल्या डॉक्टर वुडवर्डला बियाण्याची पिशवी दिली, की झालं!" नानांचं बोट नेहमीप्रमाणे आभाळाकडे.

"झालं?" मोरू उठूनच उभा राहिला. त्याची शेती पेणच्या खारेपाटात. "नाना, इंग्लंडात भात होतो का? मग गोऱ्याला शिकवला कोणी? पश्चिम आफ्रिकेतली, गिनी, सिएरा लिओनकडची माणसं खाजणात बांध घालून भात काढायची. तीच धरून नेली. चार्ल्सटनच्या पेपरात जाहिरात यायची, गुलाम 'राइस कोस्ट'चे, म्हणजे त्याच भाताच्या किनाऱ्याचे आहेत म्हणून."

"पण उद्यमशीलता, दूरदृष्टी, व्यवस्थापन..."

"व्यवस्थापन उघाडीवर, बांधातल्या पाण्याच्या दारावर असतं! पुढेपुढे तिथे भरतीवर शेती चालायची. भरतीनं नदीचं गोडं पाणी फुगलं की उघाडीतून खाचरात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. वेळ चुकली की खारं पाणी आत, पीक गेलं. ही वेळ चिखलात उभ्या माणसाला कळते, ओटीवर बसलेल्याला नाही."

शिंदे सर म्हणाले, "ज्ञान किती आफ्रिकेचं, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, मोरू."

"असू दे. राबलं कोण, यावर आहे का? 1708 पर्यंत तिथे गोऱ्यांपेक्षा काळी माणसं जास्त झाली होती. दिवसभर चिखल, वर उखळात कांडण. 1739 ला स्टोनो नदीकाठी बंड करून उठली, तर पुढच्याच वर्षी कायदा आला, गुलामाला लिहायला शिकवाल तर दंड. म्हणून पिशवी देणाऱ्याची गोष्ट उरली, बांध घालणाऱ्याचं नाव नाही."

यावर कोणी बोललं नाही. मला मोरूचं शंभर टक्के पटलं. पुतण्याच्या फोटोंत ओकची झाडं आहेत, खांबांचा वाडा आहे. गुलामांची खोली एकाच फोटोत, तीही गाडीच्या आड अर्धी.

नाना मात्र घसरले. "बांधाचं मला शिकवू नकोस. आपला खारबांध फुटला तेव्हा मी स्वतः हजर होतो!"

"होतात की! छत्री धरून सूचना देत होतात. आणि वाटपात दोन गोणी जास्त नेल्यात."

"अरे, पण छत्री माझी होती!"

मग काय, शिंदे सरांचा चहा सांडला हसून. नानाही हसले. गोण्यांचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही, वडे येईपर्यंत हिशेब चालूच होता.