आमच्या एरियात तेवढं पोल्युशन नाहीये हो!

शहरात कुणालाही विचारा, हवा खराब झालीय का, लगेच हो म्हणतील. मग विचारा तुमच्या एरियात? तर नाही हो, आमच्याकडे तसं बरंय, झाडं आहेत, ते तिकडे हायवेला जास्त. हायवेवाल्यांना विचारलं तर ते फॅक्टऱ्यांकडे बोट दाखवणार. मला यात अडाणीपणा वगैरे अजिबात दिसत नाही. ज्या घराचे हप्ते अर्धं आयुष्य फेडायचेत, पोरं जिथे वाढणारेत, तिथलीच हवा वाईट आहे हे रोज उठून कबूल करत माणूस जगणार कसा?

त्यात आपली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने. खिडकीत धूळ बसली, कचरा जाळल्याचा वास आला, समोरची बिल्डिंग धूसर दिसली की पोल्युशन, नाहीतर सगळं ओके. पण जे खरं नुकसान करतात ते पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, एकटा कण दिसायचा प्रश्नच नाही आणि जातो थेट फुफ्फुसात खोलवर. बोटाला लागणारी जाड धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते, आणि आपण चिडतो मात्र तिच्यावर! कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. जमिनीलगतचा ओझोन वायू, तोही फुफ्फुसाला वाईटच, तर कडक उन्हातच तयार होतो, म्हणजे आकाश छान निळं आहे, आपण खूश आहोत, आणि नेमका त्याच दुपारी तो वाढलेला असू शकतो. नाकाचं तर बोलूच नका, रोजच्या वासाची त्याला इतकी सवय होते की पाहुणा म्हणतो कसला वास येतोय आणि घरचे म्हणतात कुठे काय.

बरं, आता मोबाईलवर एक्यूआय दिसतो, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, जितका जास्त तितकी वाईट. काल ३०० होता आज १८० आहे, चला बरंय, म्हणून लोक पळायला जातात. दोन ॲपवर दोन आकडे दिसले की दोन्ही खोटे ठरवून मोकळे, पण प्रत्येक देशाचं गणित वेगळं असतं, कुणी २४ तासांची सरासरी दाखवतं कुणी आत्ताचा आकडा, हे कुणी सांगतच नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा दर घनमीटर हवेमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ते किती जणांपर्यंत पोचलं?

लंडनमध्ये २०१३ साली दम्याने ९ वर्षांची एक मुलगी गेली, घर वर्दळीच्या रस्त्याजवळच. २०२० मध्ये तिथल्या चौकशीत मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण अधिकृतपणे नोंदलं गेलं. आणि हेही नोंदलं गेलं की आईला दमा आणि प्रदूषणाच्या संबंधाबद्दल नीट माहितीच दिली गेली नव्हती. पोरीला घेऊन दवाखान्याच्या इतक्या खेपा घालणारी बाई, तिलाही कुणी सांगितलं नाही! म्हणून लोकांना जागरूकता नाही वगैरे भाषणं ऐकली की माझं डोकं फिरतं. खोकला घेऊन गेल्यावर सिगरेट ओढता का हे डॉक्टर विचारतातच ना, मग घर मोठ्या रस्त्यापासून किती लांब, हेही विचारा की.