काटक्यांचा अंगरखा आणि हातमोज्यांचा कोट

मागे एका महाविद्यालयात ‘टाकाऊतून टिकाऊ’ पोशाखांच्या स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. वेफर्सच्या पाकिटांचे घागरे आणि वर्तमानपत्रांचे झगे दहा मिनिटे मिरवले आणि संध्याकाळी मांडवामागच्या कचराकुंडीत गेले. टाकलेली वस्तू अंगावर चढवायची ती कशासाठी, हा प्रश्न तिथे कोणाला पडलेला दिसला नाही.

निक केव्ह या शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंताला तो पडला होता. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेली बेदम मारहाण साऱ्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली. त्या अस्वस्थतेत उद्यानात बसलेल्या केव्ह यांचे लक्ष जमिनीवरच्या काटक्यांकडे गेले आणि समाजाच्या लेखी आपली किंमतही एवढीच, असे त्यांना वाटले. त्या वेचून, तुकडे करून त्यांनी अंगरख्यावर दाटीने बसवल्या. करायला घेतले होते शिल्प. ते अंगात घालता येते हे नंतर उमगले, आणि हालताच काटक्या सळसळल्या म्हणून नाव पडले ‘साउंडसूट’. त्यात माणूस नखशिखान्त झाकला जातो. कातडीचा रंग, लिंग, ऐपत काहीच कळत नाही, त्यामुळे बघणाऱ्याच्या पूर्वग्रहाला टेकायला जागा उरत नाही. पुढे बटणे, जुनी खेळणी, क्रोशाचे रुमाल लावून त्यांनी असे शेकडो पोशाख केले. ते फार देखणे आहेत. माझ्या मते जरा जास्तच.

आपल्याकडे गाडगेबाबांच्या चिंध्यांच्या अंगरख्याला कोणी कलाकृती म्हणत नाही, आणि बाबांनी तसे म्हणणाऱ्याच्या हाती खराटा दिला असता. तरीही गावाचे कपडे धुणाऱ्या परीट समाजात जन्मलेल्या माणसाने स्वतः ठिगळे पांघरून, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच अडकवून गावात यावे, आधी रस्ता झाडावा आणि मग कीर्तनात कर्ज, दारू आणि अस्पृश्यतेबद्दल लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडावे, यात त्या वेशाचा वाटा मोठा होता. केव्ह यांच्या पोशाखात माणूस कोण हे कळत नाही. बाबांनी मात्र, ज्याला लोक दारातूनच वाटेला लावतात, त्याचेच रूप घेतले.

त्या स्पर्धेत एका मुलीने सफाई कामगारांच्या फाटक्या हातमोज्यांचा कोट शिवला होता. माझ्या दोन्ही सहपरीक्षकांना तो अस्वच्छ वाटला, म्हणून तिचा क्रमांक आला नाही. हातमोजे तिने तीनदा धुतले होते.