गाडी तापली की बरी होते

आमच्या गाडीला सकाळचा रोग झाला होता. उठवली की बॉनेटखालून टक टक टक, माडावर सुतारपक्षी बसावा तसा आवाज. पाच-सात मिनिटं हे चालायचं आणि मग आपोआप गप्प. दुखणं दाखवायचं तर गॅरेज तिठ्यावर, घरापासून अकरा किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत गाडी ठणठणीत, परक्या घरी नेल्यावर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी.

मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकायचा. "माका काय्येक ऐकाक येणा नाय, मास्तर."

"अहो, सकाळी वाजतं."

"मगे सकाळी हाडा."

सकाळीच आणतो हो! पण अकरा किलोमीटर ढकलत कशी आणू? मी मोबाईलवर आवाज भरून नेला, तर त्यात शेजारचा कोंबडाच जास्त. तोंडाने टक टक करून दाखवलं, तेव्हा गॅरेजातल्या पोराने तोंड फिरवलं. शेवटी गाडी रात्रभर तिथेच मुक्कामाला ठेवली आणि सकाळची पहिली एसटी धरून रोग्याच्या उशाशी हजर झालो.

गाडी सुरू केली. मिस्त्रीने पोराला सायलेन्सरच्या तोंडावर ओला फडका दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक इंजिनवर फिरवत गेला, थेट डॉक्टर. एके जागी थांबला. त्याने मला वाकवलं आणि टॉर्च मारला. मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध, केसाएवढी भेग. तिच्या कडेने काजळी धरलेली, बोटाने काजळ ओढावं तशी.

"मॅनिफोल फुटलो हा."

मग सगळा उलगडा झाला. हा भाग बिडाचा. बीड तापलं की वाढतं. हातभर बीड पाचशे अंशांनी तापलं तर दोनेक मिलिमीटर. रोज वाढायचं, रोज आखडायचं, आणि दोन्ही बाजूंनी बोल्टांनी जखडलेलं. वीस वर्षं हा छळ सोसल्यावर कोण तडकणार नाही? गार असताना भेग उघडी, म्हणून आवाज. तापलं की कडा फुगून मिटते, म्हणून मिस्त्रीपुढे मी खोटा. त्या फटीतून बाहेरची हवाही आत शिरत होती, त्यामुळे त्यापुढचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसायचा, आणि पेट्रोल कमी पडतंय असं समजून कॉम्प्युटर आणखी ओतायचा. दोन महिने मी पंपवाल्यावर संशय घेत होतो. त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

घरी सांगितलं, तर घावण्यांच्या तव्यासमोर बसलेल्या आईने मान वर न करता निकाल दिला. "तापल्या बिडार पाणी घातलंस ना?"

आमचा आधीचा बिडाचा तवा असाच गेला होता, नव्या सुनेने चुलीवरून उतरवल्या उतरवल्या पाण्याखाली धरला म्हणून. ती नवी सून आता पन्नाशीची आहे. विषय अजून ताजा आहे. मी म्हटलं, गाडीचं वय झालं. पण आषाढात रस्त्यातल्या मोरीवरच्या पाण्यातून मी गाडी दामटली होती हे खरं, आणि आईला ते ठाऊक होतं हेही खरं.

बिडाला वेल्डिंग करायला मिस्त्री तयार होईना. नीट तापवून केलं नाही, तर वेल्डिंगच्या शेजारी नवी भेग जाते म्हणाला. कंपनीचा नवा मिळेना. तेवढ्यात मुंबईच्या पुतण्याने फोनवर सुचवलं, "काका, हेडर घाला. पॉवर वाढते." हेडर म्हणजे स्टीलच्या नळ्यांचं बाजारी मॅनिफोल्ड. बिडाच्या मॅनिफोल्डात चारही सिलिंडरचा धूर एसटीच्या एकाच दारातून उतरायला धडपडतो. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतःची पायवाट, चाराच्या दोन, दोनाची एक. मला पॉवर घेऊन कुठे जायचं होतं? पण गणपती तीन आठवड्यांवर आले होते, आणि गणपती आणायला गाडी हवी होती.

खोकं आलं. आई बघून म्हणाली, "ह्या म्हाकूल खयसून हाडलंस?" म्हाकूल म्हणजे समुद्रातला तंगड्यांवाला स्क्विड. खरंच, चार तंगड्यांचं म्हाकूलच.

आता जुनं काढायचं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आठही स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट, आणि त्यांवरचे नट एकजीव केले होते, संसारात माणसंही इतकी होत नाहीत. मिस्त्रीने तीन दिवस डिझेल पाजलं, गॅसच्या ज्योतीने शेकलं. सहा सुटले. सातव्याला पाना लावला, जोर दिला, आणि पाना एकाएकी हलका फिरला. गॅरेजात शांतता. तो हलकेपणा ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल.

"तुटतलोच तो," मिस्त्री म्हणाला. आठव्यानेही सातव्याची सोबत केली.

मग तुटक्या खुंटांवर नवे नट ठेवून वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या धगीने गंज सुटतो आणि वर धरायला डोकं मिळतं. एक निघाला. दुसऱ्यासाठी दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात मिस्त्रीने जे शब्द वापरले, ते मी शाळेत शिकवत नाही.

हेडर बसवला, तर एक तंगडी स्टीअरिंगच्या दांड्याला घासते. मिस्त्रीने शांतपणे हातोडा उचलला. माझी कोरी चकचकीत नळी! मी बाहेर जाऊन चहा मागवला. आतून तीन ठोके ऐकू आले, प्रत्येक साधारण हजार रुपयांचा. सेन्सरची वायर वीतभर आखूड पडली, ती जोडली. नट मधून बाहेर असे आवळत नेले. "आज तापवा, थंड झाली की परत हाडा, परत आवळूक व्हयो," अशी ताकीद मिळाली.

अंगणात येऊन इंजिन चालू ठेवलं आणि बॉनेटमधून धूर निघू लागला. नव्या नळ्यांवरचं तेल आणि रंग जळतो, हे मिस्त्रीने सांगितलं होतं. मला, शेजाऱ्यांना नव्हे. शेजारचे काका विहिरीवरून भरलेली बादली घेऊन धावत आले.

"पाणी नको!" मी, बायको आणि आई एकदम ओरडलो. त्या घरात तिघांचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

गणपती वेळेवर आले. गाडी आता अशी घुमते, की मी तिठ्यावर वळलो की बायको भात उतरवते. जुना मॅनिफोल्ड मागच्या पडवीत सरपणावरच्या ताडपत्रीला वजन म्हणून ठेवला आहे. चतुर्थीला आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला आई तिथे घेऊन गेली आणि भेगेवर बोट ठेवून म्हणाली, "पाणी घातल्यान."