शिडी काढली, फरशी राहिली

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. भाच्याच्या शाळेच्या मैदानात एक मुलगा खेळायच्या लोखंडी शिडीवरून पडला, हात मोडला. दुसऱ्याच दिवशी शाळेने शिडी उपटून टाकली. आता पालकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आम्हीही पडलो-धडपडलो, पडल्याशिवाय पोरं शिकणार कशी? दुसरा म्हणतो, तुमच्या पोराचा हात मोडला असता तर हेच बोलला असतात का? "तू तिकडे जर्मनीत राहतेस, तुला काय वाटतं?" ताईने विचारलं.

माझ्या अंगावर लहानपणचे दोन व्रण आहेत. एक कोपराजवळ. नऊ वर्षांची असताना वाळकी फांदी मोडून पडले होते. तेव्हापासून भार टाकण्याआधी हाताने दाबून बघायची सवय लागली. आजही स्टुलावर चढण्याआधी ते हलवून बघते. दुसरा व्रण डाव्या घोट्यापासून पोटरीपर्यंत. न्हाणीघराच्या दारात कढत पाण्याची बादली होती आणि मी, चार वर्षांची, पळत आले. घाबरून कुणीतरी पायाला टूथपेस्ट थापली. खरं तर 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली पाय धरायला हवा होता. या व्रणाने मला काहीही शिकवलं नाही. फांदी मला दिसत होती, तिचा अंदाज घेणं माझ्या हातात होतं. बादली मोठ्यांनी उचलायची होती.

पालकांच्या या वादात हा फरक कुणीच करत नाही, ही माझी तक्रार आहे.

इथे जर्मनीत माझी मुलगी पाच वर्षांची असताना बालवाडीत चाकूने लाकूड तासायला शिकली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला. नियम मोजकेच: बसूनच तासायचं, पातं अंगापासून दूर न्यायचं, शेजारचा हाताच्या अंतरापलीकडे हवा. एकदा अंगठा कापलाच. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या अंगठ्याने ती पुन्हा बसली आणि कुणी न सांगता लाकूड खालच्या टोकाला धरलं. चढायच्या दोरांपाशीही शिक्षिका "पडशील, पडशील" असा धोशा लावत नाहीत. शांतपणे विचारतात, "आता पाय कुठे ठेवणार?"

पण हे मोकळेपण वरवरचं नाही, त्याखाली बरंच काम आहे. युरोपच्या खेळसाहित्याच्या मानकाप्रमाणे पडण्याची उंची 3 मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. साधारण 9 ते 23 सेंटिमीटरमधली फट उंचावर चालत नाही, कारण त्यातून मुलाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं. कुठलं मूल हे ओळखेल? म्हणून ते कारखान्यातच ओळखलं जातं. शिवाय 1971 पासून बालवाडीतली आणि शाळेतली मुलं सरकारी अपघात विम्याखाली आहेत. हात मोडला तर उपचारांचा खर्च विमा करतो, आणि कुणी मुद्दाम इजा केली नसेल तर सहसा शिक्षिकेवर भरपाईचा दावा होत नाही. शिडी उपटायची घाई त्यांना का नसते, याचं मोठं कारण हे आहे.

म्हणून इथे बसून ताईला "मुलांना मोकळं सोडा" असा सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं. दारासमोर भरधाव रस्ता आणि उघडं गटार असेल तर तिची भीती खरी आहे. पण त्याच भीतीपोटी झाडावर चढू न देणारे आईबाप मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून नेतात, याचा मला राग येतो. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हा नियम भारतात फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. ब्रेक कधी लागेल याचा अंदाज त्या मुलाने कसा घ्यायचा?

परवा ताईने मैदानाचा फोटो पाठवला. शिडी होती तिथे काँक्रीटची फरशी आहे, आणि कापलेल्या नळ्यांचे दोन खुंट बोटभर वर आलेले. मूल पडलं ते याच फरशीवर. ती तशीच ठेवली आहे.

शनिवारी पालकसभा आहे. मी ताईला लिहिलं: आधी ते खुंट काढायला लावा. मग शिडी परत मागा, 2 मीटरपेक्षा उंच नको, आणि खालची फरशी फोडून 20 सेंटिमीटर वाळू. पायांनी ती उडते, म्हणून आणखी 10.