पाच थेंब निलगिरी आणि बादलीभर भाबडेपणा

‘फिनाइल फेकून द्या! बादलीभर पाण्यात निलगिरी किंवा टी ट्री तेलाचे पाच थेंब टाका, सगळे जंतू मरतात. नैसर्गिक असल्यामुळे मुलांना, मांजरांना शंभर टक्के सुरक्षित. हट्टी डागांवर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावा.’ सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर अधूनमधून उगवतोच.

आधी पाच थेंबांचा हिशेब. एक थेंब साधारण ०.०५ मिली. १० लिटरच्या बादलीत पाच थेंब म्हणजे ०.००२५ टक्के. टी ट्री तेल जंतुनाशक आहे, यात वाद नाही. पण बऱ्याच जीवाणूंना आवरायला ते अर्धा-एक टक्का तरी लागतं. म्हणजे बादलीला किमान ५० मिली. त्या इवल्याशा बाटल्यांची किंमत बघा आणि रोजची फरशी पुसा!

शिवाय तेल पाण्यात मिसळतच नाही. बादलीत वाकून बघा, वर तवंग दिसेल. पहिल्यांदा बुडवलेलं फडकं तो टिपून घेतं आणि पुढची खोली नुसत्या पाण्याने पुसली जाते. वास मात्र घरभर सुटतो, त्यामुळे सगळं लख्ख झाल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे पांढरं फिनाइल मुळात पाइन तेलाचंच. त्यात तेल-पाणी एकजीव करणारा साबणासारखा पदार्थ असतो, म्हणून ते पाण्यात ओतलं की दुधाळ होतं. (डांबरी वासाचं काळं फिनाइल निराळं.)

‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’ हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं, तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. मांजराच्या यकृताला टी ट्रीमधली द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर फरशीवरून चालून आलं की पंजे चाटतंच. बाटली औषधासारखी वर, कुलपात ठेवा.

व्हिनेगर आणि सोडा एकमेकांना मारतात. फेस ओसरला की उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. नुसतं व्हिनेगर नळावरचे क्षारांचे पांढरे डाग काढतं. शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर मात्र नको, तो दगडच आम्लाने खाल्ला जातो.

संत्र्याच्या सालीचं तेल एका कामाला खरंच उपयोगी आहे: बरणीचं लेबल सोललं की मागे राहणारा चिकट डिंक. कापसावर दोन थेंब घेऊन चोळा, मिनिटभर थांबा, मग बरणी भांड्यांच्या साबणाने धुवा.