टक्के उतरवायची विद्या

प्रबंधचोरीची बातमी आली की आपल्याकडची चर्चा हमखास टक्क्यांवर येते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मग शब्द फिरवून आकडा खाली आणायची विद्या फोफावते. आणि कुणीतरी म्हणतंच, "तिकडे परदेशात असलं चालत नाही."

चालतं की! मी राहते त्या जर्मनीत २०११ मध्ये संरक्षणमंत्री त्सू गुटेनबर्ग यांना डॉक्टरेटमधल्या उचलेगिरीपायी राजीनामा द्यावा लागला. दोन वर्षांनी आनेट शावान यांची डॉक्टरेट याच कारणासाठी काढून घेतली गेली आणि त्यांचं मंत्रिपद गेलं. त्या शिक्षणमंत्री होत्या, हे विशेष. तेव्हा प्रामाणिकपणा इथल्या पाण्यात आहे, असं कुणी सांगू नये.

फरक मला शाळेत दिसतो. आमच्या राज्यात वरच्या वर्गातली मुलं 'फाखआर्बाइट' नावाचा छोटा प्रबंध लिहितात आणि एका लेखी परीक्षेऐवजी तो धरला जातो. शेवटच्या पानावर सही असते: हे काम मी स्वतः केलं, दिलेल्या साधनांखेरीज दुसरं काही वापरलं नाही. सहीचं मला फारसं कौतुक नाही. सही कुणीही ठोकतो. कौतुक आहे ते लिहिण्याआधी वाचताना काढलेल्या टिपणांचं. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक. आशय घ्यायचा तर पुस्तक मिटून आपल्या वाक्यात लिहायचा, आणि तरीही मूळ लेखकाचं नाव द्यायचंच. हे शेवटचं आपल्याकडे भल्याभल्यांना पटत नाही. 'शब्द तर माझेच आहेत ना?' असतील, पण विचार त्याचा आहे. विकिपीडियाचंही तसंच. तळटीपेतला मूळ लेख उघडून वाचला, तरच त्याचा हवाला द्यायचा.

आपल्याकडे दहावीपर्यंत गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. प्रकल्पाच्या वहीत नेटवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला की 'छान' असा शेरा. दहा वर्षं ज्याबद्दल शाबासकी दिली, त्यालाच पदव्युत्तर वर्गात चोरी म्हणायचं! मुलांनी गोंधळू नये तर काय करावं?

'एका वर्गात साठ मुलं, कोण तपासणार एवढी टिपणं?' हा सवाल रास्त आहे, आणि इथले छोटे वर्ग दाखवून तो उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. पण साठ प्रकल्प घेण्याऐवजी दहा गट करावेत, प्रत्येक गटाच्या वहीतल्या एका परिच्छेदावर बोट ठेवून 'हे कुठून घेतलंत, तिथे आणखी काय लिहिलं होतं?' एवढंच विचारावं. नुसतं उतरवून काढलेल्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. एआयकडून लिहून घेतलेल्यालाही नाही. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.